तुरटी फिरवलेलं पाणी

मला सरांचा पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईंनी जरा तटस्थपणे लिहायला हवं होतं. तटस्थ माणसांनीच त्या वाडीचं पाणी तपासलं होतं. त्याचं काय झालं, तेच लिहायला बसले आहे.

न्हावा-शेव्याचं बंदर तेव्हा नुकतं जोरात चालू झालं होतं. ज्यांची शेतं आणि मिठागरं गेली त्यांतल्या काहींच्या दारात ट्रेलर उभे राहिले, बाकीच्यांच्या दारात त्या ट्रेलरची धूळ. मी पनवेलमध्ये एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहायचे. वय असं की प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह लागायचं. बाजारातल्या एका अंधाऱ्या छापखान्यात ती पत्रकं निघायची. तिथले खिळे जुळवणारे काका एकदा म्हणाले, "ताई, उद्गारचिन्हं संपली. निम्म्या ओळींना टिंब लावलं तर सरकार घाबरणार नाही का?"

ओवे गावाच्या पलीकडे, डोंगराला टेकून कातकऱ्यांची एक वाडी होती. झोपड्या त्यांच्या, पायाखालची जमीन शेटची. शेट त्याच भागातला. बापाने भात लावला, याने जमीन विकायचा धंदा लावला. वाडीखालच्या तुकड्याला त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. अडचण एवढीच की त्याच्यावर माणसं राहत होती.

माणसंही तेव्हा अर्धीच. दिवाळीनंतर वाडीतली धडधाकट बाया-पुरुष पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मागे राहतात त्या म्हाताऱ्या, आजारी माणसं आणि शेळ्या. वाडी उठवायची तर ती भट्टीवरची माणसं परतायच्या आत उठवायला हवी. हे शेटला कळत होतं, आणि मलाही.

त्यात शेटची गुरं मेली. चांगला उभा बैल चरता चरता कोसळायचा, नाकातून काळं रक्त यायचं, संपलं. गुरांच्या या रोगाला फाशी म्हणतात. तोच माणसाला झाला की काळपुळी. आदल्या वर्षीही त्याची गुरं अशीच मेली होती. ती त्याने जाळली नाहीत, चुना टाकून खोल पुरलीही नाहीत. तळ्याच्या वरच्या अंगाला, उतारावर, कमरेएवढा खड्डा खणून त्यात लोटली आणि वर माती सारली. मग पावसाळा आला. उतारावरचं पाणी कुठे जातं हे सांगायला पदवी लागत नाही. ते तळ्यात गेलं. आणि वाडी त्या तळ्याचं पाणी पीत होती.

या रोगाचे जंतू परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती कवच करून मातीत पडून राहतात. त्यांना बीजाणू म्हणतात. ऊन, पाऊस, वर्षं, कशाची त्यांना फिकीर नाही. वैशाखात तळं आटलं की वाडीतल्या बायका तळाच्या गाळात डवरा खणतात, म्हणजे हातभर खोल खड्डा, आणि त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीने भरतात. तसाच डवरा खणताना एका आजीच्या मनगटाला ओरखडा उठला. थोड्याच दिवसांत तिथे फोड आला, मधोमध कोळशासारखा काळा, आणि हात कोपरापर्यंत सुजला. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी ओळखलं आणि इंजेक्शनं सुरू केली. आजी वाचली. वाडी वाचेल की नाही, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

कारण शेट तहसील कचेरीत जाऊन बसला. मी समोर असताना तहसीलदार साहेबांना म्हणाला, "साहेब, आमचे तल्याला काय झालाय? ह्यांनी मेल्याला ढोर खाल्ला, म्हनून रोग आला. ही वस्ती हाय तवर आमची गुरापन मरनार."

"खोटं आहे," मी म्हणाले. "तुमच्या खड्ड्यातून उतरलंय ते."

"तू बघाय व्हतीस का गो?"

साहेब हात वर करून म्हणाले, "ताई, घोषणा नकोत. पाणी तपासू. तळ्यात जंतू निघाले तर यांना तो खड्डा साफ करायला लावतो, तळं बंद करतो, वाडीला दुसरं पाणी देतो. नाही निघाले तर रोग वस्तीतूनच आला असं धरून वस्ती हलवावी लागेल. आरोग्याचा प्रश्न आहे."

म्हणजे सगळी वाडी त्या गढूळ पाण्याच्या बाटलीत बसली.

तपासणार कोण, तर एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे सर. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. त्यांनीच मुंबईच्या कुणा मित्राच्या मदतीने जुळवलेलं, आणि त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळवायची होती. मी ते बघायला गेले. एखाद्या जुन्या रेडिओचं पोट फाडून टेबलावर मांडावं तसं दिसत होतं. मधे बोटाएवढी काचेची नळी, तिच्या एका बाजूला चकती, दुसऱ्या बाजूला धातूचा तुकडा.

"ही चकती आवाज काढते," सर म्हणाले. "तो पाण्यातून जातो, समोर आपटून परत येतो. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत अडकून जागच्या जागी उभी राहते. मग पाण्यात जे काही तरंगत असेल ते ठरावीक जागी गोळा होतं."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"येणारच नाही. तुमच्या घोषणांसारखा नाहीये तो. काम करतो."

असे होते सर. मी गिळलं, कारण यंत्र खरोखर काम करत होतं. त्यांनी नळीत खडूची भुकटी कालवलेलं पाणी घातलं, बटण दाबलं, आणि त्या सारख्या पांढुरक्या पाण्यात बारीक आडव्या रेघा उमटल्या. सुपात धान्य पाखडताना खडे एका कडेला जमतात तसे ते कण जमले होते, फक्त कुणी सूप हलवत नव्हतं. बीजाणूंचंही असंच, सर म्हणाले. लोटाभर पाण्यात एरवी शोधून सापडणार नाहीत इतके थोडे असले, तरी आवाज त्यांना एकत्र आणतो. मग त्यात एक दुधी थेंब टाकायचा. त्या रोगाचे बीजाणू असतील तर त्या थेंबातले कण त्यांना चिकटतात आणि नासलेल्या दुधासारखा तो फुटतो. नसतील तर दुधासारखाच राहतो.

"तास-दोन तासांत कळतं," सर म्हणाले. "प्रयोगशाळेला दिवसच्या दिवस लागतात."

मी एकच अट घातली. नमुना घेताना आणि तपासताना मी हजर राहणार.

"तपासताना या," ते म्हणाले.

नमुना घ्यायला ते मला न कळवता गेले. कचेरीच्या जीपमधून गेले. जीप तळ्यापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा बांधावरून पायी आहे. पण त्याआधी शेटचं घर लागतं. त्या सकाळी मी छापखान्यात होते, 'आमचं तळं कुणी नासवलं?' हे पत्रक काढत. माझ्या पाठीमागे काय झालं ते मला पुढे ड्रायव्हरने सांगितलं, तेही हसत.

बाटल्या गेल्या, नमुना आला. सरांनी माझ्यासमोर सील फोडलं, पाणी नळीत घातलं, बटण दाबलं. मी नळीला डोळा लावून बसले. रेघ नाही. एकही नाही. त्यांनी यंत्र कमीजास्त केलं. पाणी जसंच्या तसं, काचेसारखं. शेवटी दुधी थेंब टाकला. दुधासारखाच राहिला.

"स्वच्छ आहे," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. आवाजात काय आनंद! वाडीच्या वाईटावर होते असं नाही म्हणत मी. त्यांच्या यंत्राने ठाम उत्तर दिलं होतं आणि त्यांना उत्तराशी मतलब होता, कुणाच्या का घराचं असेना.

कचेरीत साहेबांनी लगेच वस्ती हलवायची तयारी सुरू केली. शेट बाहेर भेटला. म्हणाला, "तुजा कागुद छापून झाला का? आनी दे मना. भजी बांधाला व्हईल."

मी तशीच वाडीवर गेले. कुणाला काय सांगणार होते, देव जाणे. आजी झोपडीच्या सावलीला बसली होती, हाताला पांढरी पट्टी, मांडीवर शेळीचं करडू. मी तिला सगळं सांगितलं. पाणी चांगलं निघालं म्हणून सांगितलं, आणि आता तुम्हाला उठवणार म्हणूनही.

ती उठली, आत गेली, लोट्यात पाणी घेऊन आली. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बाकीचं.

"आजी, हे तळ्याचं पिऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"मंग काय पिऊ? तुजा पत्रक?"

मी लोटा हातात घेतला आणि पिण्याऐवजी बघत राहिले. लोट्याचा पितळी तळ दिसत होता. तळावरचा ठोक्याचा खड्डासुद्धा दिसत होता. तळ्याचं पाणी मी कालपरवाच पाहिलं होतं, चहासारखं.

"हे इतकं नितळ कसं?"

"तुरटी फिरवली."

तिने कोनाड्यातला खडा काढून दाखवला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. हंड्यात दोन-चार वेळा फिरवायचा, रात्रभर हंडा हलवायचा नाही. सगळा गाळ तळाला बसतो. वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. तळाचं ती दारातल्या दुधीच्या वेलाला ओतायची.

"आजी, त्या दिवशी बाटल्या कुणी भरल्या?"

"मी भरल्या. डायवर आला बाटल्या घेऊन. म्हनला, सरकार पानी तपासनार."

"कुठलं पाणी भरलंत?"

"ह्याच, हांड्यातला. दोनदा फडक्यानं गालला." आणि माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज चढला. "मंग? तपासाय येनार त्येला गढूल पानी दावायचा? आमी घानेरडी, आमी मेल्याला खातो, आसा तो शेट गावभर सांगतोय. आमचा पानी बघून त्यांनी पन तेच म्हनायचा? वाडीची काय अब्रू हाय का नाय?"

शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आपण धुतलेले कपडे घालून जायचो, फुटकी पाटी दप्तरात लपवायचो. तिने तेच केलं होतं. जन्मभर ज्यांना घाण म्हणून हिणवलं, त्यांच्या दारात कुणी घाण शोधायला आलं की ते आपल्याजवळचं सगळ्यात स्वच्छ पुढे करणार. गाळाबरोबर बीजाणूही हंड्याच्या तळाला बसले होते, आणि सरांचा तो न ऐकू येणारा आवाज वरच्या नितळ पाण्यात त्यांना हाका मारत बसला होता.

मी कॉलेजात पोचले तेव्हा सर तास संपवून डबा खात होते.

"तुमच्या बाटलीत तळ्याचं पाणी नव्हतं," मी म्हणाले. "तुरटी फिरवून गाळलेलं होतं."

त्यांचा घास थांबला. "यंत्राला जे दिलं तेच त्याने तपासलं. माझ्या पद्धतीत दोष नाही."

"पद्धतीत नाहीच. दोष तुमच्या बुटांत आहे. ते बांधावरून का नाही चालले?"

"अहो, पण त्या लोकांना सांगितलं होतं..."

"काय सांगितलं होतं? कुणी? तुम्ही कुठे होता तेव्हा?"

मग मी, आवाज न चढवता, त्यांच्याच विषयातला प्रश्न विचारला. वैशाखातल्या आटलेल्या तळ्याचं पाणी, आणि त्यात एक रेघसुद्धा उमटत नाही, मातीचीही नाही, याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही? त्यांनी डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर तळ्यावर निघाले. जीप मी मागितली नाही. ओव्यापर्यंत रिक्षाने आणि पुढे पायी. शेटच्या ओटीवरून शेट ओरडला, "सर, आंबं हायत!" सरांनी मान वर केली नाही.

तळ्याच्या काठाला त्यांनी रबरी हातमोजे चढवले आणि स्वतः खाली उतरले. बूट गाळात रुतले, एक निघाला, एक निघेना. काठावर बसलेली आजी म्हणाली, "हात दे रं बाबा," आणि पट्टी नसलेला हात पुढे केला. त्यांनी तो घेतला. मी बघत होते. मला जरासुद्धा दया आली नाही.

डवऱ्यातलं पाणी, काठाचं पाणी आणि वरच्या खड्ड्याखालून जिथे ओघळ उतरला होता तिथली ओली माती, सगळं त्यांनी वेगवेगळ्या बाटल्यांत भरलं. कॉलेजात आल्यावर माती पाण्यात कालवून, जाड गाळ बाजूला काढून उरलेलं पाणी नळीत घातलं. बटण दाबलं. रेघा उमटल्या, एकाखाली एक, दाट. सरांनी मधल्या रेघेतलं पाणी काढून घेतलं आणि दुधी थेंब टाकला. थेंब फुटला. नासलेल्या दुधासारखा, त्यांनीच सांगितलं होतं अगदी तसा. काठाच्या पाण्याचा फुटला, आणि ओघळाच्या मातीचा तर बघता बघता.

"मागे सरा," सर म्हणाले. "कशाला हात लावू नका. हात धुवा. साबणाने, नीट." इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी माणसासारखं बोलले. घाबरले होते. मोज्यातल्या का असेना, त्याच हाताने त्यांनी त्या आजीचा हात धरला होता.

कचेरीत साहेब म्हणाले, "पण हे यंत्र प्रायोगिक आहे ना?"

"गेल्या वेळी नव्हतं का?" मी विचारलं. "ते स्वच्छ म्हणालं तेव्हा तर तुम्ही लगेच वाडी उठवायला निघालात."

शेवटी उरलेला नमुना मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला. तिचं उत्तर येईपर्यंत वाडीला हात लावायचा नाही, एवढं मी साहेबांकडून वदवून घेतलं, कचेरीच्या पायऱ्यांवर बसून. उत्तर आलं. सर म्हणाले तेच होतं.

मग ती बैठक झाली. साहेब खुर्चीत, शेट आणि सर समोर, मी भिंतीला टेकून. आजी दाराशी, चौकटीच्या बाहेर, कारण तिला कुणी आत या म्हटलं नव्हतं. मी म्हटलं तर नको म्हणाली.

साहेबांनी विचारलं, "सर, मग पहिल्यांदा असं कसं झालं?"

सरांनी चष्मा काढला. मी वाट बघत होते. 'मी तळ्यावर गेलो नव्हतो', एवढं एकच वाक्य त्यांना म्हणायचं होतं.

"पहिल्या वेळी," सर म्हणाले, "नमुना घेताना स्थानिक लोकांकडून चूक झाली. अडाणीपणामुळे. पाण्यावर प्रक्रिया करून दिलं त्यांनी."

शेट मांडीवर थाप मारून हसला. "आयला, म्हंजी हिनीच..."

मी भिंत सोडून पुढे आले. तोंड उघडलं होतं, शब्द जिभेवर होते, आणि मागून माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. आजी चौकट ओलांडून आत आली होती. पट्टीवाल्या हातानेच धरलं होतं. हळू म्हणाली, "म्हनू दे."

साहेब लिहून घेत होते. तळं बंद करायचं. वरच्या खड्ड्यात चुना टाकायचा, शेटने आपल्या खर्चाने. वाडीसाठी हातपंप. वस्ती हलवण्याचं कारण उरत नाही. आजी माझा दंड धरून उभी होती आणि प्रत्येक वाक्याला पकड जरा सैल होत होती.

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच ओरडले. "का थांबवलंत मला? तुम्हाला अडाणी म्हणाला तो! तुमच्यावर ढकललं त्याने!"

"तू बोलली आस्तीस तर तो सरपन बोलला आसता, शेटपन बोलला आसता. साह्यबाची पेन थांबली आस्ती." मग पायरीवर बसून चप्पल नीट करत म्हणाली, "मना अडानी म्हनला त्यानं तलं बंद झाला ना?"

तळ्याला काटेरी कुंपण झालं. खड्ड्यावर चुना पडला तेव्हा शेटचा चेहरा बघायला मी मुद्दाम गेले होते. पावसाच्या तोंडावर भट्टीवरची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन परत आली, तेव्हा झोपड्या जागच्या जागी होत्या. आजी हातपंपाच्या पाण्यातही तुरटी फिरवत राहिली. गरज नाही म्हटलं तर म्हणायची, पावन्याला लागतो.

सरांना डॉक्टरेट मिळाली. पनवेलमध्ये पुढे ही गोष्ट कुणी सांगितली की त्यात यंत्र असायचं, सर असायचे आणि एक अडाणी म्हातारी असायची, जिने नमुना बिघडवला. मी त्या दिवशी कचेरीत गप्प बसले ते वाडीसाठी, सरांसाठी नाही. आता वाडीला कुणी उठवत नाही, तेव्हा राहिलेलं वाक्य बोलून टाकते. पहिला नमुना म्हातारीने बिघडवला नाही. तिच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं ते तिने भरून दिलं. ज्याने तळ्यापर्यंत चालत जायचं होतं, तो त्या वेळी शेटच्या ओटीवर बसून आंबा चोखत होता.